चिनी इंटर्नल मार्शल आर्ट्सची शाळा कशी निवडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नोकरीसाठी सिंगापूरला आले आणि इथंच ताईची शिकायला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यातले नातेवाईक, मुंबईतल्या मैत्रिणी, न्यू जर्सी आणि लंडनमधले मराठी ओळखीचे, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदा नीट लिहून काढलेत. मी स्वतः पहिली शाळा चुकीची निवडली होती आणि त्याची किंमत गुडघ्यांनी मोजली, त्यामुळे काही उत्तरं जरा कळवळून लिहिली गेलीत. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायला नको म्हणून जिथं लागेल तिथं दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. इंटर्नल मार्शल आर्ट म्हणजे नक्की काय? त्यात काय काय येतं?

साधारणपणे तीन नावं घेतात: ताईची (पूर्ण नाव ताईचीच्वान), शिंगयी आणि बाग्वा. चिनीत या गटाला नेइच्या म्हणतात, म्हणजे 'आतलं घराणं'. हा शब्द जुना आहे, १६६९ मध्ये ह्वांग चोंगशी या विद्वानानं एका मुष्टियोद्ध्याच्या समाधीलेखात शाओलिनच्या 'बाहेरच्या' पद्धतीसमोर 'आतली' पद्धत अशी मांडणी केली होती, पण तो ज्या कलेबद्दल लिहीत होता ती आजची ताईची नव्हे. सुन लूथांग (निधन १९३३) हे तिन्ही शिकले, तिन्हींवर पुस्तकं लिहिली, पहिलं शिंगयीवरचं १९१५ चं, आणि या तिन्हींचं मूळ तत्त्व एकच आहे हा विचार मुख्यतः त्यांच्यामुळे लोकांच्या मनात पक्का बसला.

शरीराच्या भाषेत सांगायचं तर एकट्या दंडाचा किंवा खांद्याचा जोर न लावता पायापासून उठलेला जोर कमरेतून फिरवून हातापर्यंत आणायचा, आणि तो मधे कुठं अडकू नये म्हणून सगळे सांधे सैल ठेवायचे. या सैलपणाला चिनीत सुंग म्हणतात. सुंग म्हणजे लोळागोळा होणं नव्हे, नीट बांधलेला झोपाळा कसा सैल असतो पण तुटत नाही, तसं काहीसं.

२. मग या तिघांतलं मी काय शिकू?

तुमच्यापासून अर्ध्या पाऊण तासाच्या अंतरावर जो चांगला शिकवणारा आहे तो जे शिकवतो ते. खरंच. आठवड्यातून दोनदा दीड तास ट्रॅफिकमधून जाऊन कोणी टिकत नाही, मी भरपूर लोक गळताना बघितलेत.

आणि नशिबानं तिन्ही जवळ असतील तर थोडक्यात असं. शिंगयी सरळ रेषेत पुढं घुसते, पाच मूळ ठोसे असतात आणि तेच तेच वर्षभर घोटून घेतात, ज्यांना थोडक्यात पुष्कळ हवंय त्यांना आवडते. बाग्वा गोलावर चालत करायची, मुठीऐवजी तळहात वापरतात, सतत दिशा बदलते, पायांना आणि कमरेला भरपूर काम. ताईची सावकाश, आणि तिच्यात जोडीनं करायचा तुइशौ हा सराव असतो (हात हाताला चिकटवून समोरच्याचा तोल ओळखायचा आणि काढायचा) जो मला स्वतःला या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

बाग्वाबद्दल एक लक्षात ठेवा. दोंग हायच्वान (निधन १८८२) हे बीजिंगमध्ये शिकवायचे तेव्हा त्यांचे बरेच शिष्य आधीच दुसरं काही शिकून आलेले, आणि प्रत्येकाला त्यांनी त्याच्या पायावरच पुढं बांधून दिलं. चेंग तिंगह्वा चष्मे विकायचे आणि कुस्तीगीर होते, त्यांच्या शाखेत फेकाफेकी जास्त. यिन फू यांच्या शाखेचा हातच वेगळा दिसतो. त्यामुळे दोन बाग्वा क्लास बघितले आणि काहीच जुळेना तर गोंधळू नका, दोन्ही खरे असू शकतात.

३. ताईचीतच चेन, यांग, वू, सुन असं काय काय आहे, फरक काय?

चेन ही हनान प्रांतातल्या चेनच्यागौ गावची. त्यात चानस म्हणजे रेशीम गुंडाळल्यासारखी पिळाची हालचाल, मधेच फाचिन म्हणजे झटक्यात सोडलेला जोर, खालची बैठक. यांग लूचान (१७९९ ते १८७२) त्याच गावात चेन चांगशिंग यांच्याकडे शिकले आणि नंतर बीजिंगला गेले, त्यांचे नातू यांग चेंगफू (१८८३ ते १९३६) यांनी जी मोठी, एकसंध, झटके नसलेली पद्धत घालून दिली तीच आज जगभर सगळ्यात जास्त दिसते. सुन म्हणजे वर आलेले तेच सुन लूथांग, उंच बैठक, पाऊल टाकलं की मागचं पाऊल ओढून घ्यायचं, वयस्कर लोकांना सोपी जाते.

वू मात्र दोन आहेत. मराठीत दोन्ही सारखंच लिहितो, चिनीत अक्षरं वेगळी. एक वू यूश्यांग (१८१२ ते १८८०) यांची, तिला हाओ असंही म्हणतात, खूप छोट्या हालचाली. दुसरी वू च्येनच्वान (१८७० ते १९४२) यांची, शांघाय, हाँगकाँगकडून आग्नेय आशियात पसरलेली, शरीर किंचित पुढं झुकवून करतात. क्लासवाल्यानं नुसतं 'वू' म्हणलं तर कुठली ते विचारा, ज्याला स्वतःलाच सांगता येत नाही तो तुम्हाला फार लांब नेणार नाही.

आणखी एक नाव ऐकाल, चोवीस फॉर्म (फॉर्म म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचालींची मालिका). ही १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा समितीनं यांग स्टाइलवरून छोटी करून बसवलेली रचना, सगळ्यांना करता यावी म्हणून. वाईट अजिबात नाही. पण एखादी शाळा 'पारंपरिक यांग' म्हणून पैसे घेते आणि वर्षानुवर्षं फक्त चोवीसच करून घेते, तर पुढं काय आहे ते विचारून घ्या.

४. क्लास बघायला गेले तर नक्की काय बघायचं? मला तर सगळे सारखेच दिसतात.

सरांकडे बघूच नका. म्हणजे बघा, पण पाच मिनिटं. सर पंचवीस तीस वर्षं करतायत, ते चांगलेच दिसणार, आणि ते लहानपणापासून रोज सहा तास करून असे झाले असतील तर त्याचा तुम्हाला आठवड्याच्या दोन तासांत काय उपयोग? बघायचंय ते त्यांच्याकडे चार पाच वर्षं येणाऱ्या लोकांकडे, नोकरी संसार सांभाळून येणाऱ्या, तुमच्यासारख्याच. तुम्ही चार पाच वर्षांनी असेच दिसणार आहात. ते तुम्हाला आवडतंय का?

मी पहिली शाळा निवडली ती हॉल बघून. लाकडी जमीन, भिंतीवर मोठमोठ्या लोकांबरोबरचे फोटो, सर समोर उभे राहून करायचे आणि आम्ही चाळीस जण मागून नक्कल करायचो. दोन वर्षांत माझ्या अंगाला त्यांचा हात एकदाही लागला नाही. दुसरी शाळा सापडली ती सरकारी वसाहतीत एका बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, एक निवृत्त काका सकाळी साडेसहाला आठ दहा जणांना शिकवायचे, आणि पहिल्या दिवशी नुसत्या उभं राहण्यात त्यांनी माझ्या सात चुका काढल्या, एकेक हातानं नीट करून. त्या दिवशी मला कळलं की दोन वर्षांत मला कोणी काही शिकवलंच नव्हतं.

तर बघा: सर एकेकाजवळ जातात का. चूक सांगताना 'असं नाही, असं' एवढंच म्हणतात की का ते सांगतात. जुने विद्यार्थी नव्यांशी कसे वागतात. जोडीनं काही करतात का, आणि करताना कोणी 'नाही जमलं' असं मोकळेपणानं म्हणू शकतं का. मधल्या वेळात एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला गाठून विचारा, ही जी हालचाल आत्ता केली ती कशासाठी आहे? त्यानं सांगितलं आणि तुमच्या हातावर करून दाखवलं तर फार चांगलं. 'ते सरांना विचारा' म्हणाला आणि तो सहा वर्षं येतोय, तर काळजीचं आहे. शेवटची पंधरा मिनिटं नक्की थांबा, तेव्हा सगळे दमलेले असतात आणि जे खरं आहे तेच दिसतं.

शक्य असेल तर दोनदा जा. आणि एखादा क्लास बघूच देत नसेल, आधी पैसे भरा मग आत या असं असेल, तर मी तरी दुसरीकडे जाईन.

५. एका डेमोत सरांनी हात न लावताच माणसं उडवली! हे खरं असतं का?

न शिवता, नाही. तिथून निघा.

हात लावून, हो, आणि ते अनुभवायला विलक्षण असतं. तुमचं शरीर कुठं ताठ आहे ते चांगल्या माणसाला तुमच्या मनगटावरून कळतं, त्या ताठपणातूनच तो तुमच्या पायापर्यंत पोचतो आणि तुम्ही मागं जाता, जोर लागल्याचं कळतसुद्धा नाही. पण खरा फेकलेला माणूस आणि सहकार्य करणारा शिष्य ओळखता येतो. खरा फेकलेला धडपडतो, तोल सावरायला हात पसरतो, चेहऱ्यावर आश्चर्य असतं. सवयीचा शिष्य दोन्ही पाय जुळवून मागं टुणटुण उड्या मारत जातो, पाच, सहा, सात, आणि भिंतीला टेकून हसतो. हे शिष्य खोटारडे असतात असं नाही, वर्षानुवर्षं सरांना खूश ठेवता ठेवता शरीराला ती सवय लागते आणि त्यांनाही वाटतं की हे आपोआप होतंय. यातलं हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

उपाय सोपा, नम्रपणे म्हणा की माझ्यावर करून दाखवाल का. चांगला माणूस आनंदानं करून दाखवतो. 'तुमची ‘ची’ (आतली ऊर्जा) अजून जागी झाली नाही म्हणून तुम्हाला लागू होणार नाही' असं उत्तर आलं तर चहा घ्या आणि घरी या.

६. घराणं किती महत्त्वाचं? सर म्हणतात ते अमक्या ग्रँडमास्टरच्या पाचव्या पिढीतले.

आपल्याकडे शास्त्रीय गाण्यात जसं असतं अगदी तसंच आहे. घराण्यानं एवढं कळतं की या माणसाच्या मागं एक पूर्ण अभ्यासक्रम आहे, उभं राहणं, फॉर्म, जोडीचा सराव, शस्त्रं, काय कशानंतर येतं ते ठरलेलं आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण किराणा घराण्याचा प्रत्येक शिष्य भीमसेन जोशी होत नाही.

विचारायचं असेल तर पिढी विचारू नका, विचारा की तुम्ही कोणाकडे, किती वर्षं, आठवड्यातून किती वेळा शिकलात. एखाद्या मोठ्या मास्टरच्या तीन वर्कशॉपला जाऊन फोटो काढलेला माणूस आणि एका अप्रसिद्ध माणसाकडे पंधरा वर्षं रोज गेलेला माणूस, यांत मी डोळे मिटून दुसऱ्याकडे जाईन. सिंगापूर मलेशियात ताईचीचे नावाजलेले शिक्षक चेंग मानचिंग यांचे शिष्य ह्वांग शिंगश्येन (निधन १९९२) यांच्या परंपरेतले शिक्षक भेटतात, त्यांत अगदी साधे, कुठं नाव नसलेले लोक आहेत आणि त्यांचे हात लावून बघितले की बोलायला काही उरत नाही.

७. सर्टिफिकेट, दुआन, स्पर्धेतली मेडल्स यांचं काय?

चीनमध्ये १९९८ पासून वूशूसाठी (म्हणजे चिनी मार्शल आर्ट्ससाठी) दुआन पद्धत आहे, नऊ पातळ्या, पहिल्या तीन प्राथमिक, मग तीन मध्यम, मग तीन वरच्या. अधिकृत असेल तर निदान परीक्षा दिलीय एवढं समजा. ताईचीत परंपरेनं पट्टे नसतात, काळा पट्टा देतो म्हणणारी शाळा असेल तर ती त्यांची स्वतःची सोय आहे. फॉर्म स्पर्धेतलं मेडल म्हणजे फॉर्म सुंदर आणि अचूक दिसतो, शिकवता येतं की नाही ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रश्न ४.

८. तीन महिने झाले, नुसतं उभंच करतात. फसवतायत का हो?

बहुतेक नाही. या उभं राहण्याला जानज्वांग म्हणतात, शिंगयीत त्याची सानती नावाची खास बैठक आहे आणि सगळं काही सानतीतूनच निघतं असं शिंगयीवाले मानतात. वांग श्यांगचाय (निधन १९६३) यांनी तर यीच्वान ही अख्खी पद्धतच उभं राहण्याभोवती रचली. बाहेरून काहीच होत नाहीये असं दिसतं, आत मांड्या थरथरत असतात, खांदे हळूच वर चढतात, ते लक्षात येऊन परत सोडायचे, परत चढतात. हाच सराव.

पण प्रश्न किती महिने हा नाहीच, तुम्ही उभे असताना सर काय करतात हा आहे. ते येऊन कंबर किंचित खाली सोडवतात, हनुवटी आत घेतात, हात जरा ढकलून बघतात, दर आठवड्याला काहीतरी बदलतं, तर आनंदानं उभे राहा. तुम्ही उभे आणि सर कोपऱ्यात फोनवर, असं तीन महिने असेल तर मग हो, वेळ वाया जातोय.

९. क्लास सुरू केल्यापासून गुडघे दुखायला लागलेत. सर म्हणतात होतंच, आणखी खाली बसा.

थांबा. कृपा करून थांबा.

मांड्या भरून येणं, पोटऱ्या दुखणं हे होतंच. गुडघ्याच्या आत, बाजूला किंवा वाटीखाली दुखणं हे 'होतंच' मधे बसत नाही. मला हेच सांगितलं होतं, मी ऐकलं, आणि नंतर जवळजवळ वर्षभर जिना उतरताना कठडा धरत होते. कारण साधं असतं, वजन ज्या पायावर आहे तो पाय जमिनीला खिळलेला असताना वळणं गुडघ्यातून होतं. वळायचं असतं खुब्यातून, चिनीत ज्याला क्वा म्हणतात तो जांघेजवळचा भाग सोडून. गुडघा कायम पायाच्या बोटांच्या दिशेत, आत पडता कामा नये, बोटांच्या पुढं जाता कामा नये. बैठक किती खाली हे त्यानंतर, आणि उंच बैठकीत तेवढंच शिकता येतं.

शाळा निवडताना याचा उपयोग असा की जुन्या विद्यार्थ्यांना सरळ विचारा, गुडघे कसे आहेत? चारपाच जणांच्या गुडघ्याला पट्टे दिसले तर तुम्हाला उत्तर मिळालंच. आणि दुखणं सुरू झालं असेल तर आधी हाडाचे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, मग ताईची.

१०. मला मारामारी नकोय, फक्त तब्येतीसाठी करायचंय. (किंवा: आईबाबांसाठी बघतोय.) मग कुठलाही क्लास चालेल ना?

तब्येतीसाठी ताईची चांगली आहे याला आता आधार आहे. पार्किन्सन्स असलेल्या १९५ लोकांवरचा अभ्यास २०१२ मध्ये आला, आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे, त्यांचा तोल सुधारला. गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवरचा २०१६ चा अभ्यास आहे, बारा आठवड्यांत ताईचीवाल्यांना फिजिओथेरपीवाल्यांइतकाच फायदा झाला. पण त्या अभ्यासांत नीट शिकवलं होतं. कुठल्याही क्लासला हे लागू होईल असं नाही, प्रश्न ९ पुन्हा वाचा.

आईबाबांसाठी बघताना दोन गोष्टी जास्तीच्या. सर आधी दुखणी विचारतात का, आणि खुर्ची धरून किंवा उंच बैठकीत करायची मोकळीक देतात का. आणि हलकं तुइशौ असेल तर त्यांना टाळू देऊ नका. कोणीतरी हळूच तोल हलवतंय आणि आपण सावरतोय, हे एकट्यानं फॉर्म करून मिळत नाही. माझी आई इथं आली की काकांच्या ग्रुपमधल्या सत्तरीच्या आजींबरोबर करते, भाषा एकमेकींची येत नाही, हातांनी सगळं चालतं.

११. सेल्फ डिफेन्ससाठी शिकायचंय. उपयोग होईल?

शाळेवर आहे, आणि बहुतेक शाळांत खरं उत्तर नाही असं आहे. एप्रिल २०१७ मध्ये चेंगदूत शू श्याओदोंग या एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशी मिश्र लढत) फायटरनं एका ताईची शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत हरवलं आणि चीनभर गदारोळ झाला. त्यावरून ताईचीच खोटी असं म्हणणारे निघाले, मला ते पटत नाही. पण ज्यानं कधी विरोध करणाऱ्या माणसाबरोबर सराव केलेला नाही तो विरोध करणाऱ्या माणसासमोर उभा राहू शकत नाही, ही गोष्ट आपल्या तालमीतल्या कुठल्याही वस्तादानं न बघता सांगितली असती.

तर विचारा: ठरवून केलेल्या जोडीच्या सरावापुढं काय आहे? पाय हलवत मोकळं तुइशौ? ग्लोव्हज घालून? बाहेरच्या लोकांबरोबर? 'आमचं तंत्र इतकं घातक आहे की सराव करता येत नाही' हे उत्तर मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलंय आणि तिन्हीकडे शिकवणाऱ्यांच्या हातात काही नव्हतं. लवकर उपयोगी पडावं अशी गरज असेल, म्हणजे सहा महिने वर्षात, तर ज्यूदो किंवा बॉक्सिंग शिका आणि हे सोबत सावकाश चालू द्या.

१२. मी बाई आहे. तुइशौमध्ये अनोळखी पुरुषांशी हात लावून सराव, जरा अवघड वाटतं.

वाटणारच, मलाही वाटलं. चांगल्या शाळेत हे सांगायला लागत नाही, सर स्वतःच आधी बायकांबरोबर किंवा स्वतःबरोबर सुरू करून देतात, चूक सुधारताना कुठं हात लावणार ते आधी सांगतात, आणि 'नको' म्हणलं की विषय संपतो. क्लासला आणखी बायका आहेत का आणि त्या जुन्या आहेत का ते बघा. दर वर्षी नव्या येतात आणि जुन्या कोणीच नाही, तर काहीतरी कारण आहे.

वेगळ्या खोलीत, एकटीला, 'ऊर्जा' सुधारण्यासाठी बोलावलं तर जाऊ नका, कितीही मोठं नाव असो. अपवाद नाही.

दुसऱ्या बाजूनं एक सांगते, सवय झाल्यावर तुइशौ बायकांना फार लवकर जमतं. जोरावर विसंबायची सवय नसते ना. ग्रुपमधल्या धिप्पाड पुरुषांना जे सोडायला दोन वर्षं लागतात ते आपल्याकडे नसतंच.

१३. फी किती असावी? वर्षाची एकदम भरू का?

आकडा सांगण्यात अर्थ नाही, शहरागणिक वेगळा. पार्कात जवळजवळ फुकट शिकवणारे उत्तम लोक आहेत आणि महाग असूनही वाजवी वाटतील असे आहेत. पहिले तीन महिने महिन्याचीच भरा, वर्षाची सूट कितीही मोहक असली तरी. आणि ही विचारणा आधीच करा: युनिफॉर्म, परीक्षा, वर्कशॉप, वार्षिक सदस्यत्व, यांतलं काय सक्तीचं? मूळ फी कमी आणि दर दोन महिन्यांनी एक सक्तीचं वर्कशॉप, हे गणित बऱ्याच जणांना उशिरा कळतं. 'गुप्त' फॉर्मसाठी वेगळे पैसे असतील तर माझा सरळ सल्ला नको असा आहे.

१४. सरांना शिफू म्हणायचं का? आणि बायशी म्हणजे काय, मला करायला सांगतायत.

सुरुवातीला लाओशर म्हणा, म्हणजे शिक्षक, कधीच चुकत नाही. शिफू उच्चाराला एकच पण लिहायला दोन, एक कुठल्याही कुशल कारागिराला किंवा टॅक्सीवाल्यालाही म्हणतात आणि दुसऱ्यात 'पिता' हे अक्षर आहे, ते बायशी केलेल्या शिष्यानं म्हणायचं.

बायशी म्हणजे आपलं गंडाबंधन. शिष्य गुडघे टेकून नमस्कार करतो, चहा देतो, लेखी विनंतीपत्र देतो, लाल पाकिटात दक्षिणा असते, जुने शिष्य साक्षीला असतात. त्यानंतर नातं घरच्यासारखं, दोन्हीकडून जबाबदारी. सुंदर गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती नव्या माणसाला कोणी विचारत नाही. तुम्हाला वर्ष व्हायच्या आत विचारलंय, रक्कम आधीच सांगितलीय, तर ते बायशी नाही, विक्री आहे. नम्रपणे म्हणा, मी अजून त्या योग्यतेची नाही. यावर कोणी चांगला शिक्षक रागवत नाही.

१५. आमच्या गावात कोणीच नाही. ऑनलाइन शिकू का?

नुसत्या रेकॉर्डेड व्हिडिओवरून फॉर्म शिकू नका, मनापासून सांगते. चूक घोटली गेली की ती काढायला नव्यानं शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, माझी पहिल्या दोन वर्षांची खांद्याची सवय अजून मधेच डोकं वर काढते. लाइव्ह क्लास, जिथं सर तुमच्याकडे बघतायत आणि नाव घेऊन सांगतायत, तो बराच बरा. सगळ्यात चांगलं म्हणजे वर्षातून एकदोनदा चार पाच दिवस समोर जाऊन शिकायचं आणि मधल्या काळात स्वतःचे व्हिडिओ पाठवून सुधारणा घ्यायच्या.

जोडीचा सराव पडद्यावर होत नाही, तो राहतोच. जवळ तालीम किंवा ज्यूदो क्लब असेल तर आठवड्यातून एकदा जा. सांगली कोल्हापूरकडच्या कोणी मला विचारलं तर मी हेच सांगते, कुस्तीत अंगाला अंग लावून जो तोल कळतो तो इथं कामाला येतो.

१६. नोकरीतून तीन महिने सुट्टी मिळतेय. थेट चीनला जाऊन शिकू का?

आधी घराजवळ वर्षभर करा, मग जा. शून्यावर गेलात तर तीन महिने नुसतं हातपाय कुठं ठेवायचे यात जातात आणि ते इथंही झालं असतं.

चेनच्यागौ हनान प्रांतात वनश्येन तालुक्यात आहे, जवळचं मोठं शहर चंगचौ. गावात निवासी शाळा आहेत, लहान मुलंही राहतात, दिवसातून दोन तीन सत्रं आणि लाओच्या यीलू हा मुख्य फॉर्म पुन्हा पुन्हा. चेन श्याओवांग, चेन चंगलेइ, वांग शीआन, चू तिएनत्साय या चौघांची नावं तुम्ही ऐकाल, आजचे बरेचसे शिक्षक यांच्या हाताखालून गेलेले. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत ताईची आल्यापासून तर नाव आणखीच झालंय. वूदांगचे डोंगर हूबेइ प्रांतात, जागा अतिशय देखणी, परदेशी विद्यार्थ्यांसाठी सोयीही चांगल्या. तिथं चांग सानफेंग नावाच्या ताओवादी साधूनं ताईची निर्माण केली अशी कथा सांगतात, श्रद्धेनं ऐका, पण इतिहासाचा पुरावा तिला नाही, फक्त त्या कथेसाठी शाळा निवडू नका.

मोठ्या नावाच्या शाळेत तुम्हाला शिकवतं कोण हे लिहून विचारा, बहुतेक वेळा मोठे मास्टर नसतात, त्यांचे तरुण विद्यार्थी असतात. ते चालतं, फक्त आधी माहीत असावं. शाकाहारी असाल तर 'वो च्र सू' हे तीन शब्द पाठ करा, आणि अंडं, मटणाचा रस्सा, हाडांचं सूप चालत नाही हे वेगळं लिहून न्या, कारण भाजीत चवीपुरतं मांस त्यांच्या दृष्टीनं भाजीच असते.

१७. दोन शाळा एकदम करू का? ताईची इथं, बाग्वा तिथं?

पहिली दोन तीन वर्षं नको. सुन लूथांग यांनी तिन्ही एकत्र आणली हे खरं, पण शिंगयीत मुरल्यावर ते पुढं गेले. एक सर म्हणतात वजन पुढं, दुसरे म्हणतात मागं, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तुमचं शरीर मधे लटकतं. नंतर करायचं झालं तर दोन्ही सरांना सांगून करा, लपवू नका, हातावरून त्यांना कळतंच. फक्त बघण्यापुरतं, दुसऱ्यांच्या तुइशौला एखाद्या रविवारी जायचं असेल तर कधीही जा, आणि तेवढ्यालाही तुमचे सर बंदी घालत असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

१८. शाळा चुकीची वाटतेय, पण इतकी वर्षं झालीत, सरांना कसं सांगू?

समोर जाऊन, थोडक्यात, आभार मानून. मी पहिली शाळा सोडताना मेसेज करून सोडली आणि ते मला आजही बरोबर वाटत नाही, त्यांनी शिकवलं कमी असेल पण फसवलं नव्हतं. कारणांची यादी द्यायची गरज नाही, 'मला दुसरीकडे शिकायचंय' एवढं पुरतं. आधी भरलेली फी परत मागायची असेल तर ती त्याच भेटीत मागा, नंतर अवघड होतं.

फसवणूक, अंगचटीला येणं किंवा दुखापत लपवणं असं काही असेल तर मात्र आभार वगैरे काही नको, सरळ बंद करा आणि बाकीच्या विद्यार्थ्यांना सांगा.

नव्या शाळेत गेल्यावर जुन्या सरांबद्दल वाईट बोलू नका, आणि 'मला येतं' असंही म्हणू नका, शून्यापासून उभे राहा. काकांकडे पहिल्या दिवशी मी म्हणलं की मी दोन वर्षं केलंय, तर ते म्हणाले बरं, मग उभी राहा बघू. पुढचे चार महिने मी उभीच होते.